लॉ फर्ममधला डेस्कटॉप सपोर्ट: ड्राफ्टपासून फायलिंगपर्यंत

मुंबईत फोर्टातल्या एखाद्या सॉलिसिटर फर्ममध्ये आयटीला लागलेल्या मुलाची पहिल्या महिन्यातली तक्रार ठरलेली असते: "इथे सगळंच अर्जंट." तसं नसतं. खरोखरचं अर्जंट थोडंच असतं, पण ते ओळखायला विंडोजपेक्षा कोर्टाचं कामकाज कळावं लागतं. पार्टनरचा माऊस चालत नाही आणि एका ज्युनियरची पीडीएफ कोर्टाच्या ई-फायलिंग पोर्टलवर चढत नाही, असे दोन फोन एकदम आले तर बहुतेक जण पार्टनरच्या केबिनकडे धावतात. ज्युनियरच्या मॅटरची, म्हणजे प्रकरणाची, मुदत आज संपत असेल तर ते चुकीचं आहे, आणि हे समजावून सांगितलं तर पार्टनरही तेच म्हणेल.

हा लेख हार्डवेअर, नेटवर्क, ॲक्टिव्ह डिरेक्टरी यांची तोंडओळख असलेल्यांसाठी आहे. ते सगळं कुठल्याही कंपनीत सारखंच. लॉ फर्ममध्ये वेगळं असतं ते कागदाचा प्रवास: वर्डमधला ड्राफ्ट, त्याची पीडीएफ, सही, फायलिंग आणि शेवटी सुनावणी. आपलं कामही त्याच क्रमाने लावून घ्यावं.

आधी माणसं आणि बोर्ड

पहिल्या आठवड्यात मशीनची यादी करताच, पण सोबत माणसांचीही करा. पार्टनर, असोसिएट, ज्युनियर, इंटर्न, सेक्रेटरी किंवा स्टेनो, अकाउंट्स आणि कोर्ट क्लार्क. यातल्या क्लार्कशी ओळख वाढवा. कोर्टाच्या रजिस्ट्रीने (कागद दाखल करून घेणाऱ्या कार्यालयाने) कुठलं ऑब्जेक्शन काढलं, कुठला कागद परत आला, पोर्टल सकाळपासून रडतंय की आत्ताच, हे त्यांना सर्वांत आधी कळतं. आपल्या नेटवर्कमध्ये दोष शोधत बसण्याआधी क्लार्कला एक फोन केला की कित्येकदा अर्धं निदान होऊन जातं.

हायकोर्टाची दुसऱ्या दिवशीची कॉजलिस्ट, म्हणजे बोर्ड, आदल्या संध्याकाळी संकेतस्थळावर येते. घरी जाण्याआधी ऑफिसच्या कुठल्या मॅटर लागल्या आहेत हे सेक्रेटरीकडून विचारून घ्या. उद्या ज्याचं मॅटर आहे त्याच्या लॅपटॉपवर आज रात्री अपडेट सोडायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी सकाळचे निम्मे फोन कमी होतात.

फोन उचलल्यावर "काय झालं?" च्या आधी "कधी लागतंय, कुठे लागतंय?" विचारा. उत्तर "आज पाच वाजता" असेल तर तुम्ही दुरुस्ती करायची नाही, काम अडू न देता पुढे सरकवायचं: दुसरं मशीन द्या, दुसऱ्या लॉगिनने बसवा, फाइल पेनड्राइव्हऐवजी सर्व्हरवरून उघडून द्या. मूळ कारण संध्याकाळी शोधा. अभियंत्याला हे जिवावर येतं, कारण समोर दोष दिसत असताना तो तसाच सोडायचा असतो.

गोपनीयता तुम्हालाही लागू आहे

वकील आणि अशील यांच्यातला संवाद उघड करता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तो नियम वकिलाच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, हे आयटीतल्या फार थोड्यांना माहीत असतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये दुभाषे, क्लार्क आणि वकिलांचे कर्मचारी असा स्पष्ट उल्लेख आहे. जुन्या १८७२ च्या कायद्यातही ही तरतूद होती. तुम्ही तिथले कर्मचारी, म्हणजे तुम्ही त्यात आलात.

रोजच्या कामात याचा अर्थ काय? रिमोट सेशन घेण्याआधी "उघड्या फाइल बंद करता का?" असं विचारायचं आणि त्या बंद होईपर्यंत थांबायचं. तिकिटात अशिलाचं नाव लिहायचं नाही. "अमुक विरुद्ध तमुकची फाइल उघडत नाही" याऐवजी अंतर्गत मॅटर नंबर टाकायचा. बिघडलेली फाइल सॉफ्टवेअर कंपनीला नमुना म्हणून पाठवायची नाही, आणि ऑनलाइन फुकट पीडीएफ कन्व्हर्टरवर तर मुळीच चढवायची नाही. ज्युनियर हे सर्रास करतात. त्यांना रागावून उपयोग नाही. ऑफिसात चांगलं पीडीएफ सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या मशीनवर नसतं, म्हणून ते तिकडे जातात. परवाने मागून घ्या.

फोल्डरची परवानगी हा नाजूक भाग. कधीकधी एकाच फर्ममधल्या दोन टीममध्ये हितसंबंधांच्या कारणाने भिंत घातलेली असते. "मला त्या फोल्डरचा ॲक्सेस दे ना, सरांनी सांगितलंय" असं कोणी म्हटलं, तरी त्या मॅटरच्या जबाबदार पार्टनरची लेखी संमती आल्याशिवाय देऊ नका. त्या पार्टनरची मेल तिकिटाला जोडून ठेवा.

वर्ड: खरी रणभूमी

कुठल्याही दुसऱ्या ऑफिसात वर्डचं इतकं खोल ज्ञान लागत नाही. चार गोष्टी हातखंडा असाव्यात.

पहिली, हरवलेला ड्राफ्ट. फोन आला की सांगायचं: काही बंद करू नका, काही नवीन सेव्ह करू नका. मग फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स. तिथे नसेल तर ऑटोरिकव्हरच्या फोल्डरमध्ये 'एएसडी' विस्ताराच्या फाइल शोधा. फाइल मेलमधूनच उघडून तिच्यात तीन तास काम केलं असेल, तर ती आउटलुकच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये असण्याची शक्यता असते. ऑटोरिकव्हरचा अवधी मुळात दहा मिनिटांचा असतो. सगळ्या मशीनवर तो दोन-तीनवर आणा.

दुसरी, नंबरिंग. जुन्या याचिकेतून परिच्छेद उचलून नव्या ड्राफ्टमध्ये चिकटवले की परिच्छेद १४ नंतर एकदम ३ येतो. हाताने आकडे टाकून वेळ मारून नेण्यात अर्थ नाही. स्टाइलला जोडलेली बहुस्तरीय यादी असलेलं एक टेम्प्लेट सेक्रेटरींबरोबर बसून तयार करा आणि पेस्ट करताना 'कीप टेक्स्ट ओन्ली' वापरायची सवय लावा. यातच क्रॉस-रेफरन्सचा, म्हणजे 'परिच्छेद ५ पाहा' अशा आपोआप बदलणाऱ्या संदर्भाचा, सापळा आहे: पडद्यावर सगळं ठीक दिसतं आणि छापताना मजकुराच्या मध्येच "एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड" उमटतं, कारण छपाईच्या वेळी वर्ड फील्ड ताजी करतं. छापण्याआधी कंट्रोल-ए आणि मग एफ-९ दाबून नजर फिरवली की चूक कागदावर जाण्याआधीच सापडते.

तिसरी, ट्रॅक चेंजेस. 'नो मार्कअप' निवडलं की बदल दिसेनासे होतात, जात नाहीत. समोरच्या पक्षाने 'ऑल मार्कअप' केलं की आपल्या पार्टनरची शेलकी टिप्पणी त्यांच्या पडद्यावर. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वर्ड फाइलवर इन्स्पेक्ट डॉक्युमेंट (लपलेली माहिती शोधून काढणारं साधन) चालवणं हा नियमच हवा. जुना ड्राफ्ट 'सेव्ह ॲज' करून नवीन करण्याची पद्धत असल्यामुळे फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये टायटल म्हणून भलत्याच अशिलाचं नाव राहतं, आणि पीडीएफ केली की ते ब्राउझरच्या टॅबवर सरळ दिसतं. हे एकदा एखाद्या असोसिएटला त्याच्याच फाइलवर दाखवा. पुन्हा सांगावं लागत नाही.

चौथी, कम्पेअर. समोरून आलेल्या करारात सांगितलेलेच बदल आहेत ना, हे रिव्ह्यू टॅबमधलं कम्पेअर दाखवतं. वकिलांना हे शिकवणं आपलं काम नाही असं काही जण म्हणतात. मी म्हणेन, शिकवा. त्यानंतर लोक तुम्हाला प्रिंटरवाला मुलगा समजत नाहीत.

मराठी कागद

तालुका-जिल्ह्यातून येणारे दावे, खरेदीखतं, टाइप केलेले जबाब अजूनही श्रीलिपीत किंवा सीडॅकच्या डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या जुन्या फाँटमध्ये असतात. असा कागद मुंबईत उघडला की पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते आणि फोन येतो, "फाइल करप्ट आहे." करप्ट नसते. मजकुरावर कर्सर ठेवून फाँटच्या चौकटीत नाव काय दिसतं ते पाहा. तो फाँट परवान्यासह घाला, किंवा योग्य कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा. बदललेला मजकूर मूळ छापील प्रतीशी माणसाने ताडून पाहिलाच पाहिजे, कारण जोडाक्षरं, रफार आणि आकडे इथेच घसरतात. गट नंबर चुकला तर दावाच दुसऱ्याच्या जमिनीवर.

नव्या मशीनवर मराठी इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड चढवा. जुन्या टायपिस्टचा हात रेमिंग्टनवर बसलेला असतो, त्यांना तोच लेआउट द्या. साठीच्या माणसाला नवा कीबोर्ड शिकवायचा हट्ट धरू नका.

पीडीएफ: क्रम चुकला की सगळं पुन्हा

ई-फायलिंगच्या अपेक्षा कोर्टागणिक थोड्या वेगळ्या असतात, पण गाभा एकच: शोधता येईल अशी पीडीएफ, सलग पृष्ठांक, बुकमार्क, आणि पोर्टलच्या मर्यादेत बसणारा आकार. ती मर्यादा पोर्टलवर त्या दिवशी जी लिहिली असेल तीच खरी, ऐकीव आकड्यावर जाऊ नका. हा क्रम मोठ्या अक्षरात छापून स्कॅनरशेजारी लावा:

१. वर्डमधून थेट 'सेव्ह ॲज पीडीएफ' करा, ऑप्शन्समध्ये हेडिंगवरून बुकमार्क बनवण्याची खूण करा. 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' वापरलं तर बुकमार्क येत नाहीत.
२. एक्झिबिट (सोबत जोडायचे कागद) ३०० डीपीआयवर स्कॅन करा, साधे कागद रंगीत नकोत. वाकडी पानं याच वेळी सरळ करा.
३. ओसीआर (स्कॅनच्या चित्रातला मजकूर ओळखणारं साधन) चालवा. मराठी कागदाला भाषा मराठी निवडा. सॉफ्टवेअरमध्ये ती नसेल तर टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरमध्ये आहे.
४. सगळं एकत्र जोडा, पृष्ठांक घाला, इंडेक्समधले आकडे जुळतात का पाहा.
५. बुकमार्क पूर्ण करा.
६. आकार कमी करा आणि सर्वांत पुसट पान उघडून वाचता येतंय का बघा.
७. सही सर्वांत शेवटी.

सही झाल्यावर एक पान जरी घुसवलं किंवा फाइल पुन्हा आकुंचित केली तरी सही अवैध दिसते. "सही केली होती, आता गेली" या तक्रारीचं कारण जवळपास नेहमी हेच.

नाव किंवा आधार क्रमांक झाकायचा असेल तर काळी चौकट ओढणं म्हणजे झाकणं नव्हे. चौकटीखालचा मजकूर तसाच राहतो, निवडून कॉपी करता येतो. रिडॅक्ट हे वेगळं साधन वापरा आणि मग त्याच जागेवर कॉपी-पेस्ट करून खात्री करा.

डीएससी टोकन

डीएससी म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट, ते यूएसबी टोकनमध्ये असतं. संध्याकाळी सव्वापाचचा फोन साधारण असा असतो.

"दादा, टोकन दिसत नाहीये. सर निघालेत, पिन मला माहितीये."

यातलं पहिलं वाक्य सोपं आहे. टोकनचा दिवा लागतो का, पोर्ट बदलून पाहा, हबमधून काढून थेट मशीनला लावा. ईपास २००३, प्रॉक्स-की अशा प्रत्येक टोकनला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. तो उघडून आत सर्टिफिकेट दिसतं का आणि त्याची मुदत आहे का, ते बघा. मग ब्राउझर आणि पोर्टलची सही-युटिलिटी. युटिलिटी चालू नसणं किंवा अँटिव्हायरसने अडवणं हे नेहमीचं. पिन मात्र अंदाजाने टाकू देऊ नका. ठरावीक चुकांनंतर टोकन लॉक होतं, आणि ते इनिशियलाइज केलं तर आतली की पुसली जाते. मग नवं सर्टिफिकेट घेण्यावाचून इलाज नाही.

दुसरं वाक्य तांत्रिक नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला हातच्या सहीचं मोल आहे. टोकन आणि पिन ज्याची त्याने सांभाळायची. ज्युनियरकडे पिन असणं ही कार्यालयातली सवय असेलही, पण आयटीने त्या पिनची चिठ्ठी, यादी किंवा एक्सेल कधीही ठेवू नये. पर्याय म्हणून, पोर्टल आधार ई-साइन स्वीकारत असेल तर तो मार्ग सरांना आधीच शिकवून ठेवा. सगळ्या टोकनांच्या संपण्याच्या तारखा मात्र तुमच्या कॅलेंडरमध्ये हव्यात, महिनाभर आधीच्या आठवणीसह.

अडोबी रीडरमध्ये सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं की वकील घाबरतात. बहुधा सही ठीक असते, फक्त भारतातल्या सीसीएचं (डिजिटल सही देणाऱ्या संस्थांवरच्या सरकारी नियंत्रकाचं) मूळ सर्टिफिकेट त्या मशीनवर विश्वासू म्हणून नोंदलेलं नसतं. सिग्नेचर प्रॉपर्टीजमधून सर्टिफिकेट उघडा, साखळीतलं सर्वांत वरचं सीसीए इंडिया निवडा, ट्रस्ट टॅबवरून ते यादीत घाला. खालचं, सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट घालू नका, नाहीतर प्रत्येक नव्या सहीला हेच करत बसाल.

प्रिंटर, आणि सुनावणी

प्रिंटरबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-फोर कागद आणि दोन्ही बाजूंना छपाई सुरू केली, तरी ऑफिसात लीगल आणि लेजर पेपर संपलेला नाही. लीगल म्हणजे ८.५ बाय १४ इंच. एफएस, म्हणजे फुलस्केप, त्याहून आखूड. ड्रायव्हरमध्ये एक आणि ट्रेमध्ये दुसरा असला की मशीन कागद मागत बसतं. जाड हिरवा लेजर बायपास ट्रेमधून, कागदाचा प्रकार 'हेवी' ठेवून घाला. प्रत्येक ट्रेवर आकाराची चिठ्ठी लावा.

व्हीसीच्या (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या) सुनावणीला आदल्या दिवशी लिंक, नाव दिसण्याची पद्धत आणि आवाज तपासा. बहुतेक कोर्टांना पडद्यावर आयटम नंबर आणि नाव हवं असतं. लॅनची केबल लावा, वायफायवर भरवसा नको. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून तयार ठेवा. आउटलुक, टीम्स आणि व्हॉट्सॲपच्या सूचना बंद करा, नाहीतर कागद शेअर करताना कोपऱ्यात दुसऱ्याच अशिलाचा निरोप झळकतो. रेकॉर्डिंगला कोर्टाची परवानगी लागते, म्हणून मशीनवरची स्वयंचलित रेकॉर्डिंगची आणि मीटिंगचं टिपण काढणारी सगळी साधनं आधीच बंद. सुनावणी चालू असताना खोलीत शिरून माऊस हातात घेऊ नका, चिठ्ठी सरकवा.

अशील पेनड्राइव्ह घेऊन येतो तेव्हा

"यात रेकॉर्डिंग आहे, जरा उघडून बघ." इथे हात आखडता घ्या. फाइल नुसती उघडली-सेव्ह केली तरी तारखा बदलू शकतात. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमधून गणिताने काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) लिहायची असते, आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. म्हणून क्रम असा: कोणी, कधी, काय दिलं याची पावती लिहा, शक्य असेल तर राइट-ब्लॉकर (मूळ डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण) लावून प्रत काढा, पॉवरशेलमधल्या गेट-फाइलहॅशने मूळ आणि प्रत दोन्हींचा एसएचए-२५६ काढून जुळवा, मूळ पाकिटात सीलबंद, काम प्रतीवर. मोबाइल असेल किंवा प्रकरण फौजदारी असेल तर हातही लावू नका, फॉरेन्सिकच्या माणसाला बोलवायला सांगा. आणि जे तुम्ही स्वतः केलं-पाहिलं नाही, त्याच्या प्रमाणपत्रावर सही करायला नम्रपणे नकार द्या.

मेल आणि हल्ला

लॉ फर्मच्या मेलमध्ये पैशाच्या तारखा असतात: खरेदीखत कधी, मोबदला कुठल्या खात्यात. भामटे मेलबॉक्समध्ये शिरून गुपचूप वाचत बसतात आणि ऐन दिवशी "खातं बदललं आहे" असा मेल टाकतात. बहुघटक लॉगिन (पासवर्डसोबत दुसरी खात्रीही मागणारं) सगळ्यांना, पार्टनरनाही सूट नाही. बाहेर मेल फॉरवर्ड करणारे नियम दर आठवड्याला तपासा; घुसखोर तिथेच खूण ठेवून जातो. खातं बदलल्याचा मेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन, मेलमधल्या नंबरवर नव्हे.

फाइलींची नावं आपोआप बदलताना दिसली, म्हणजे रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरल्याची शंका आली, तर नेटवर्कची केबल ओढा, वायफाय तोडा, मशीन बंद करू नका, आणि लगेच वर कळवा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. ते सहा तास फोन नंबर शोधण्यात घालवायचे नसतील तर कोण कळवणार हे आजच ठरवा. बॅकअप घेतो असं सगळेच म्हणतात. महिन्यातून एकदा एखादं जुनं मॅटर परत आणून दाखवा.

जुनी मशीन, जाणारी माणसं, आणि मे महिना

असोसिएट सोडून गेला की लॅपटॉप लगेच फॉरमॅट करून नव्याला देण्याचा मोह आवरा. त्याच्या मॅटरच्या फाइल आणि मेल सर्व्हरवर आल्याचं पार्टनरने लिहून दिल्यावरच पुसा. भाड्याचं कॉपियर मशीन परत जाताना त्यातल्या हार्ड डिस्कवर स्कॅन आणि छपाईच्या प्रतिमा उरलेल्या असू शकतात. डिस्क पुसल्याचा दाखला घ्या किंवा डिस्क काढून ठेवा, आणि ही अट कराराच्या वेळीच घाला.

मोठे बदल कोर्टाच्या उन्हाळी सुट्टीत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी कोपऱ्यातल्या एखाद्या मशीनवर ते अजून असतं, कारण जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर तिथेच चालतो. अशा मशीनची यादी एप्रिलमध्ये करा. आधी एका सेक्रेटरीचं आणि एका क्लार्कचं मशीन बदलून त्यांच्याकडून खरं फायलिंग करून घ्या: टोकन, स्कॅनर, मराठी फाँट, पोर्टल, सगळं. ते सुरळीत पार पडलं की मगच बाकीची. व्हेकेशन कोर्ट चालूच असतं, तातडीची मॅटर कधीही येते, म्हणून दोन मशीन जुन्याच अवस्थेत, चालू टोकन ड्रायव्हरसह, जून उजाडेपर्यंत तशीच राहू द्या.